तारकर्ली-मालवणचं स्नॉर्कलिंग: आधी तिथी बघा, मग बुकिंग करा

तारकर्लीला स्नॉर्कलिंगसाठी, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर तरंगत खालचं जग बघायला, जायचं ठरलं की बहुतेक जण आधी रिसॉर्ट शोधतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी कालनिर्णय उघडा. पाण्याखाली काय दिसणार हे भरती-ओहोटीवर ठरतं, आणि भरतीचा हिशेब तिथीवरून निघतो. किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणात पाण्याला ओढ जास्त असते, तळाची वाळू ढवळते आणि समोरचा हातही धूसर दिसतो. अष्टमीनंतरच्या दोन-तीन दिवसांत, ज्याला भांग म्हणतात, ही ओढ मंदावते. म्हणून दशमी-एकादशीची सकाळ सोन्यासारखी: पाणी भरलेलं आणि संथही. आम्ही डिसेंबरातली दशमी धरून गेलो होतो.

रिसॉर्टवाल्यांनीच बोट आणि गाईड ठरवून दिले. आम्हाला नाश्ता करून निवांत निघायचं होतं, पण बोटीचे काका ऐकेनात. "वारो सुटूच्या आधी जावया," एवढंच म्हणाले. ते किती बरोबर होतं ते अकरानंतर कळलं. पहाटे जमिनीकडून येणारा मतलई वारा असतो तोवर समुद्र शांत असतो. ऊन चढलं की खारे वारे सुरू होतात आणि लहान बोट हिंदकळायला लागते. बोट लागत असेल तर गोळी निघण्याच्या अर्धा तास आधी घ्या. पोट अगदी रिकामंही ठेवू नका. एखादं घावण पुरतं.

स्नॉर्कलिंग होतं सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांवर. 1664 साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याचं काम सुरू केलं, त्याचं एक कारण हे खडकच. पाण्याखाली लपलेल्या या खडकांमुळे परक्यांची मोठी जहाजं तटाजवळ येऊ शकत नव्हती. आज त्याच खडकांवर प्रवाळ वाढतात आणि त्यांच्या आडोशाला मासे राहतात. 1987 साली इथे मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं, ते या जिवांसाठीच.

मास्क निवडताना घाई करू नका. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने हलका श्वास आत ओढा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तर तुमच्या मापाचा. मिशी असेल किंवा कपाळावरची बट आत अडकली असेल तर पाणी हमखास शिरतं. मिशीवर थोडं व्हॅसलीन लावलं की बराच फरक पडतो. चष्म्यावर मास्क बसत नाही, त्यामुळे नंबर मोठा असेल तर नंबरचा मास्क आहे का हे आदल्या दिवशीच विचारा. काच धुरकट होऊ नये म्हणून आतून थुंकी चोळून पाण्यात विसळतात. किळस वाटून घेऊ नका, जगभर हेच करतात.

पोहता आलं नाही तरी चालतं. लाइफ जॅकेट तरंगवतं, हाताला धरायला ट्यूब असते आणि गाईड शेजारी पाण्यातच असतो. अवघड असतं ते फक्त तोंडाने श्वास घेत राहणं. माझी शाळकरी भाची पहिल्यांदा गडबडली. गाईडदादांनी तिला बोटीची शिडी धरून नुसतं तोंड बुडवून श्वास घ्यायला लावला. पाच मिनिटांत तिची भीती गेली. नळीत पाणी आलं तर जोरात फुंकर मारायची, बस्स.

आणि मग जे दिसतं! पिवळसर पाठीचे, अंगावर काळे उभे पट्टे असलेले मासे थव्याने येतात आणि काचेपासून वीतभर अंतरावर थबकतात. खडकावर प्रवाळांचे पातळ, कडेला दुमडलेले थर आहेत, कुठे गोल गाठी आहेत. कान पाण्यात गेले की बारीक तडतड ऐकू येते, तेलात मोहरी टाकल्यासारखी. तो आवाज खडकांच्या सांदीत राहणाऱ्या इवल्या कोळंब्यांचा असतो. मात्र अंदमानसारखं नितळ पाणी इथे मिळेल असं मनात धरून येऊ नका. चांगल्या दिवशी काही मीटर दिसतं, आणि तेवढ्यातही पुष्कळ आहे.

एक गोष्ट हात जोडून सांगते: प्रवाळावर उभे राहू नका. शेजारच्या एका बोटीतले लोक फोटोसाठी चक्क खडकावर उभे होते आणि माशांना ब्रेड टाकत होते. प्रवाळ हा जिवंत प्राणी आहे, अतिशय सावकाश वाढणारा. एका पायाखाली कित्येक वर्षांची वाढ मोडते. शिवाय त्याच खडकांना चिकटलेली कालवं तळपाय ब्लेडसारखी चिरतात. गाईडने ब्रेड काढला तर नको म्हणा. सनस्क्रीन चोपडण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घाला. पाठ भाजत नाही आणि पाण्यात रसायनही जात नाही.

दर ठरवताना फोटो-व्हिडिओ, किल्ला आणि त्सुनामी आयलंड (देवबागचा वाळूचा पट्टा) त्यात धरलंय का, हे स्पष्ट विचारा. जॅकेट नसेल किंवा माणसं कोंबली असतील तर बोटीत चढू नका, पैसे गेले तरी चालतील. मे 2022 मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला होता. 26 मे ते 31 ऑगस्ट जलपर्यटन बंद असतं. सप्टेंबरात नद्यांचा गाळ असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

डॉल्फिन दिसले, लांबून. इथले डॉल्फिन फारशा उड्या मारत नाहीत, पाठीचा उंचवटा आणि पर वर येऊन जातात. काकांना इंजिन बंद करायला सांगा, पाठलाग नको.

त्सुनामी आयलंड म्हणजे देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी असलेला वाळूचा पट्टा. तो ओहोटीला उघडा पडतो, म्हणून दुपारीच जा. दशमीला दीडच्या सुमारास ओहोटी असते. किल्ला मात्र दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. शिवराजेश्वर मंदिर, महाराजांच्या हाता-पायाचे ठसे, दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, हे सगळं ओल्या कपड्यांत घाईने बघण्याजोगं नाही.

रेल्वेने येणाऱ्यांनी कुडाळला उतरावं, तिथून मालवण तासाभरावर. राहायला देवबागच्या टोकाला असाल तर परतीची रिक्षा आधीच ठरवून ठेवा. संध्याकाळनंतर तिथे रिक्षा सहजी मिळत नाही.