सर्वोच्च बिंदूवरचा दगड

ऑनलाइन तासाला ‘समजले का?’ असे विचारले की चॅटमध्ये भराभर ‘हो सर’ उमटतात, आणि त्यांवरून कोणाला काय समजले याचा काडीचाही अंदाज येत नाही. अकरावीला भौतिकशास्त्र शिकवताना याची मला खरी जाणीव झाली ती एका कौलामुळे, म्हणजे पर्याय देऊन ऑनलाइन घेतलेल्या मतामुळे. सरळ वर फेकलेला दगड सर्वोच्च बिंदूवर असताना त्याचे त्वरण (वेग बदलण्याचा दर) किती, एवढाच प्रश्न होता. निम्म्याहून अधिक मुलांनी ‘शून्य’ हा पर्याय निवडला. खरे तर गुरुत्वाकर्षणाचे ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग हे त्वरण तिथेही कायम असते, आणि ९.८ हा आकडा त्या सगळ्यांना पाठ होता. वेग शून्य झाला म्हणजे त्वरणही संपले, ही समजूत सूत्र घोकून हलत नाही.

हार्वर्ड विद्यापीठातील एरिक माझूर यांनी १९९१च्या सुमारास अशाच प्रश्नांभोवती आपली अध्यापनपद्धती उभी केली. विद्यार्थी आधी एकट्याने उत्तर देतो, मग शेजाऱ्याशी वाद घालतो आणि पुन्हा मत देतो. साधारण ३० ते ७० टक्के उत्तरे बरोबर असतील तेव्हाच ही चर्चा फळते. त्याहून कमी असतील तर विषय पुन्हा समजावून द्यावा लागतो.

ऑनलाइन वर्गात शेजारी नसतो, म्हणून मी तिघातिघांना ब्रेकआउट रूममध्ये, म्हणजे त्याच ऑनलाइन वर्गातल्या छोट्या वेगळ्या खोलीत, तीन मिनिटे पाठवतो. त्या दिवशी मी एका खोलीत डोकावलो, तेव्हा एक मुलगी विचारत होती, “वर पोहोचल्यावर पृथ्वीने दगडाला ओढायचे सोडले का?” माझ्या दहा मिनिटांच्या विवेचनाला जे जमले नव्हते, ते त्या एका वाक्याने झाले, आणि दुसऱ्या कौलात ‘शून्य’ म्हणणारे मोजकेच उरले.

एक चूक मात्र मी बरेच दिवस करत होतो. मेंटिमीटर या ऑनलाइन कौल घेण्याच्या साधनावर उत्तरे येत असतानाच प्रत्येक पर्यायाच्या मतांचे स्तंभ सर्वांना दिसू देत असे. सुरुवातीच्या काही उत्तरांनी एखादा स्तंभ उंचावला की उरलेली मुले त्याच्याच मागे जात, आणि मला वर्गाचे आकलन न दिसता कळपाची चाल दिसे. आता सर्वांचे मत येईपर्यंत मी निकाल झाकून ठेवतो. वेगाला गुण देणाऱ्या प्रश्नमंजूषाही मी बंद केल्या, कारण तिथे विचार करणाऱ्यापेक्षा चांगली रेंज असणारा पुढे जातो. ज्याचा कौल उघडतच नाही, त्याने मला एकट्याला चॅटमध्ये अ, ब, क किंवा ड एवढे अक्षर पाठवावे, आणि ते मी हाताने मोजणीत धरतो.