तह लिहिलात, पण मदतीला यायचं कधी?

काल्पनिक राष्ट्रांच्या खेळात (प्रत्येक खेळाडू एक राष्ट्र चालवतो) तह लिहायची हौस सगळ्यांना असते. राजमुद्रा काय, पदव्या काय, प्रस्तावना तर दीड पान! नोंद ठेवायला मात्र कोणी नसतं. मग युद्ध पेटलं की दोन्हीकडचे खेळाडू जुनं चॅट चाळत बसतात.

मजकूर आणि नोंद वेगळ्या ठेवा. मजकूर एका डॉक्युमेंटमध्ये, आणि सह्या झाल्या की त्याचं एडिटिंग बंद. दुरुस्ती करायची तर नवा जोडतह. नोंद म्हणजे स्प्रेडशीटमधली एक ओळ: क्रमांक, पक्ष, प्रकार, सहीचा टर्न (म्हणजे खेळातली फेरी), लागू झाल्याचा टर्न, मुदत, बाहेर पडायची नोटीस, स्थिती, मजकुराची लिंक. तह नावाने ओळखू नका, कारण 'मैत्री तह' नावाचे तीन तरी निघतातच. त-014 असा क्रमांक द्या. मुदत टर्नमध्ये मोजा. 'दहा वर्षं' लिहिलंत आणि मध्येच एका टर्नची पाच वर्षं झाली, तर तह दोन टर्नांत आटोपतो.

खरी भांडणं होतात ती तहाप्रमाणे मदतीला कधी धावायचं यावरून. त्यासाठी वेगळा रकाना हवाच. मित्रावर हल्ला झाला तरच मदत, की मित्राने युद्ध काढलं तरीही? 1882 च्या त्रिराष्ट्र युतीत जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरीबरोबर इटली होती, पण 1914 मध्ये पहिलं महायुद्ध पेटल्यावर 'युती बचावापुरती आहे' म्हणत ती तटस्थ राहिली. दुसरा प्रश्न भूभागाचा. नाटोच्या सहाव्या कलमात प्रदेशाची हद्द आखलेली आहे. ब्रिटनच्या ताब्यातली फॉकलंड बेटं त्या हद्दीबाहेर, म्हणून 1982 मध्ये तिथल्या अर्जेंटिनाच्या हल्ल्याला पाचवं कलम (एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर) लागू नव्हतं. तुमच्या खेळात वसाहती आणि तहानंतर जिंकलेले प्रांत धरायचे की नाही, ते लिहा. तिसरा प्रश्न, मदत म्हणजे नेमकं काय? 'सर्वतोपरी साहाय्य' म्हणजे काहीच नाही. 'दोन टर्नांच्या आत तीन तुकड्या' असं हवं. आणि तुमचे दोन मित्र एकमेकांशीच भिडले तर? त्यासाठी एक अपवादाचं कलम टाकून ठेवा.

सोबत एक तक्ता करा: आडवी राष्ट्रं, उभी राष्ट्रं, चौकटीत तहाचा क्रमांक. 12 राष्ट्रांच्या 66 जोड्या होतात, म्हणजे अर्धा तक्ता पुरतो. पण एकतर्फी हमी असेल (मोठा लहानाला वाचवणार, लहान मोठ्याला नाही) तर पूर्ण 132 चौकटी लागतात. अर्धा तक्ता भरला की हमी कोणाची कोणाला, हेच कळत नाही.

गुप्त तह त्याच फाइलमध्ये लपवलेल्या शीटवर ठेवू नका. फाइलची प्रत काढली की ते शीट उघडता येतं. वेगळी फाइल करा, ती फक्त गेममास्टरकडे, म्हणजे खेळ चालवणाऱ्याकडे. क्रमांकांची मालिकाही वेगळी. नाहीतर त-014 नंतर एकदम त-016 दिसतो आणि हुशार खेळाडू मधल्या पंधराचा माग काढायला लागतात. गुप्त तह युद्धाआधी गेममास्टरकडे पोचलेला असलाच पाहिजे, नाहीतर मागच्या तारखेचे तह उगवतात. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं 102 वं कलम इथे उसनं घ्यावं: नोंद न झालेला तह त्यांच्या कुठल्याही अंगापुढे पुरावा म्हणून मांडता येत नाही.

ओळ कधीही पुसू नका, फक्त स्थिती बदला: मसुदा, लागू, स्थगित, संपला, मोडला. शेवटच्या दोघांत गल्लत नको. मुदत भरून संपलेल्या तहाचा दंड नसतो. मोडलेल्याची पत जाते, आणि पुढच्या वाटाघाटीत समोरचा तीच ओळ काढून दाखवतो. तीन पक्षांच्या तहातून एक बाहेर पडला तर उरलेल्या दोघांत तो चालू राहतो की नाही, हे मजकुरातच लिहा. नोटिशीबद्दल तह गप्प असेल तर एक टर्न धरा.

खेळाडू खेळ सोडून गेला तर तह राष्ट्राला बांधील, माणसाला नाही. राष्ट्र गेममास्टरच्या हाती आलं की त-014 तसाच लागू राहतो, आणि नव्या खेळाडूला तो मोडायचा असेल तर नोटीस द्यावी लागते.