आधी बेट, मग देऊळ : पुण्याहून दिवाडी आणि नार्वे

मूळच्या गोव्याकडच्या पुणेकर घरांची कुलदैवताची वारी साधारण ठरलेली असते. रात्रीची बस, सकाळी देवस्थानात उतरून आंघोळ, अभिषेक, नैवेद्य, दुपारी मासळीचं जेवण, म्हापशात काजू आणि परत. आमच्या घरीही अनेक वर्षं हेच चालत आलं. आमचा देव सप्तकोटेश्वर, दिचोली तालुक्यातल्या नार्व्याचा. नार्व्यापासून मांडवी जवळ, आणि मांडवीपलीकडे दिवाडी बेट. देव मूळचा तिथला, आम्हीही तिथले. पण नदी ओलांडून तिकडे जायचं घरात कुणाला सुचलं नव्हतं. दिवाडीहून नार्वे, तिथून सावंतवाडीकडे आणि मग पुणे, एवढा कुळाचा जुना प्रवास तोंडपाठ असायचा, बस.

या वेळी आत्या, मी आणि माझा कॉलेजात शिकणारा भाचा निघालो ते क्रम बदलून. आधी बेट पाहायचं, मग नदी ओलांडून देवाकडे जायचं. देव ज्या पाण्यावरून गेला त्याच पाण्यावरून. ज्यांची कुळं या बेटांवरची आहेत त्यांनी एकदा तरी असंच जावं असं मला वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

थोडा इतिहास, कारण तो नसला तर बेटावर भाताची खाचरं आणि चर्च एवढंच दिसेल. गोव्याच्या कदंब राजांचं हे दैवत. त्यांच्या नाण्यांवर 'श्रीसप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद' असं बिरुद कोरलेलं सापडतं. चौदाव्या शतकात बहामनी स्वारीत देऊळ पाडलं गेलं आणि विजयनगरच्या अमलात माधव मंत्र्याने ते पुन्हा उभं केलं. पुढे १५४० मध्ये पोर्तुगीजांनी ते परत पाडलं. लिंग म्हणे एका विहिरीवर पाणी ओढायच्या कामी लावलं होतं. तिथून ते लपवून नदीपार नेलं आणि पोर्तुगीज हद्दीबाहेर नार्व्यात त्याची स्थापना झाली. नार्व्यातलं देऊळ १६६८ मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेने नव्याने बांधायला घेतलं. दारावरच्या शिलालेखात शके १५९० आहे. गावात हे सगळं सांगणारे भेटतात, पण प्रत्येक जण आपापल्या क्रमाने सांगतो, तेव्हा वाचून गेलेलं बरं.

पुण्यातली तयारी आम्हाला वाटलं त्यापेक्षा जास्त उपयोगी पडली. सुरुवात घरातल्या ट्रंकेपासून करा. जुन्या लग्नपत्रिका, श्राद्धाच्या वेळी म्हणायच्या नावांची वही, देवस्थानच्या वर्गणीच्या पावत्या, सगळं बाहेर काढा. आमच्याकडे एका पावतीवर गावाबरोबर वाड्याचंही, म्हणजे गावातल्या वस्तीचंही, नाव निघालं, आणि बेटावर गेल्यावर लोक विचारतात तेही नेमकं वाडाच. कागद मोडीत असतील तर सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, तिथे मोडी जाणणारी माणसं भेटतात. पेशवे दफ्तरही पुण्यातच आहे. पण आपल्या कुळाचा कागद तिथे हमखास मिळेल अशा आशेने जाऊ नका. गोव्याच्या गावकारीचा, म्हणजे गावच्या जमिनी एकत्र सांभाळणाऱ्या जुन्या कुळांच्या संस्थेचा, मोठा पुरावा पोर्तुगीजमध्ये आहे. दिवाडी ज्यात येतं त्या तिसवाडी तालुक्यातल्या गावकारांच्या चालीरीती आणि हक्क पोर्तुगीजांनी १५२६ मध्येच लिहून काढले होते. हे साहित्य पणजीच्या पुराभिलेखागारात, पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये आणि पाटो इथल्या कृष्णदास शामा ग्रंथालयात शोधावं लागतं, त्यासाठी वेगळी सवड काढा. देवदर्शनाच्या धावपळीत ते होत नाही.

रस्ता आम्ही कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा असा घेतला. बांद्याहून दोडामार्गमार्गे दिचोलीला उतरलं की नार्वे जवळ पडतं, पण आम्हाला आधी बेट हवं होतं म्हणून म्हापसा, पणजी करत जुन्या गोव्याला गेलो. एकूण साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. स्वारगेटहून पणजीला रात्रीच्या गाड्या असतात. रेल्वेने जायचं तर कोकण रेल्वेवरचं करमळी स्टेशन जुन्या गोव्याला अगदी लागून आहे.

नकाशावर शोधताना एक काळजी घ्या. नार्वे दोन आहेत, एक दिवाडी बेटावरचं आणि एक त्याच्यासमोर दिचोली तालुक्यातलं. मूळ देऊळ पहिल्यातलं, आजचं दुसऱ्यातलं. फोन नुसतं 'नार्वे' ऐकून कुठल्याही बाजूला नेतो आणि मध्ये नदी असते.

दिवाडीला पूल नाही. फेरीबोट जुन्या गोव्याहून, रायबंदरहून आणि तिकडून दिचोलीकडच्या नार्व्याहून सुटते. पायी जाणाऱ्यांना पैसे पडत नाहीत, चारचाकीला किरकोळ भाडं, तेव्हा सुटे पैसे हाताशी ठेवा. गाडी बोटीवर उलटी-सुलटी चढवायची सवय नसेल तर घाबरू नका. बोटीवरचा माणूस हातवाऱ्यांनी नीट जागी लावून घेतो, आपण फक्त त्याच्याकडे पाहायचं. पेट्रोल आधीच भरा, पाण्याच्या बाटल्या बरोबर घ्या. रात्रीच्या फेऱ्यांची वेळ धक्क्यावर चढतानाच विचारून ठेवा, निघायच्या वेळी विचारून उपयोग नाही.

बेटावर उतरल्यावर दोन्ही बाजूंना खारफुटी आणि मग सपाट भातशेती. या खाजन जमिनी आहेत, म्हणजे खाडीचं पाणी बांध घालून अडवून कमावलेल्या. पाणी आत-बाहेर सोडायला बांधात मानस असते, लाकडी फळ्यांचं दार, भरती-ओहोटीबरोबर चालणारं. खारं पाणी सोसणारा कोरगुट भात इथे पिकायचा. भाच्याला देवळाच्या कथेपेक्षा मानशीत जास्त रस वाटला. मला त्याचं पटलंच. कारण बांध सांभाळणं हे एकट्याचं काम नव्हे. तो फुटला तर सगळ्यांच्या शेतात खारं पाणी शिरतं. गावकारी कशासाठी होती ते बांधावर पाच मिनिटं उभं राहिलं की कळतं. आपले पूर्वज पूजा करायच्या आधी हे करत होते.

टेकडीवर पिएदादचं चर्च आहे. आजची इमारत अठराव्या शतकाच्या सुरुवातीची. तिथून जुन्या गोव्याचे मनोरे आणि मांडवीचं पात्र छान दिसतं. शेजारच्या दफनभूमीत एक छोटं चॅपेल आहे आणि त्यात कदंबकालीन कोरीवकाम उरलं आहे. टेकडीवर गणपतीचं देऊळ होतं आणि तो गणपती फिरत फिरत शेवटी खांडोळ्याला स्थिरावला, असं सांगितलं जातं. ही दफनभूमी वापरातली आहे. लोक आपल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं ठेवायला येतात. त्यामुळे आत जाण्याआधी विचारा, मोठ्याने बोलू नका, आणि 'हे आमचं देऊळ होतं' असा आविर्भाव घेऊन तर मुळीच जाऊ नका.

याबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे. पुण्याहून येणाऱ्या आमच्यासारख्यांच्या मनात बेट म्हणजे आपण सोडून आलेली, रिकामी राहिलेली जागा असते. ती रिकामी कधीच नव्हती. जे राहिले ते धर्म बदलून राहिले, पण शेती, बांध, वाडे त्यांनीच सांभाळले. चर्चच्या उतारावर एका वयस्कर गृहस्थांनी "तुमी खंयचे?" म्हणून हटकलं. आत्याने पुणे न सांगता वाड्याचं नाव सांगितलं. त्यांनी लगेच हात करून दिशा दाखवली आणि त्या बाजूच्या मानशीची दुरुस्ती कशी रखडली आहे ते तक्रारीच्या सुरात सांगायला सुरुवात केली. जणू आत्या तिथलीच आणि तिने त्यात लक्ष घालायला हवं. आत्या कोकणी थोडी बोलते, समजते बरीच. मला आणि भाच्याला मात्र हसून मान डोलावण्यापलीकडे काही जमलं नाही. जमेल तेवढी कोकणी शिकून जा.

ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बेटावर बोंदेरां असतो. वाड्यांच्या हद्दीच्या भांडणांतून आलेला हा उत्सव, झेंड्यांची मिरवणूक आणि खोटी लढाई. गंमत आहे, पण गर्दी इतकी की मुळं शोधायला आलेल्याने तो दिवस टाळावा. नुसता उत्सव पाहायचा तर जरूर जा, गाडी मात्र जुन्या गोव्यातच ठेवा.

बेटावरच्या नार्व्यात जुन्या देवळाच्या जागेजवळ जांभ्या दगडाच्या पायऱ्यांचं तळं आहे, कोटितीर्थ. गावात विचारत गेलं तर वाट सापडते. पावसाळ्यात आणि त्यानंतर महिनाभर पायऱ्या शेवाळतात, वयस्कर माणसांना वरच थांबवा. पाहण्यासारखं म्हणाल तर फार काही नाही. आत्या तिथे बराच वेळ बसली, आम्ही तिला उठवलं नाही.

इथून फेरीबोटीने पलीकडे दिचोलीकडच्या नार्व्याला गेलो. अंतर एवढंसं की चहा संपत नाही. गोकुळाष्टमीला या काठावर तीर्थस्नानाला मोठी गर्दी होते. एरवी हा धक्का शांत असतो, बोट चुकली तर पुढचीची वाट बघत बसावं लागतं, म्हणून देवळाच्या वेळेत पोचायचं असेल तर बेट सकाळी लवकर उरका. दुपारी गाभारा बंद असला की मंडपात बसून राहण्याशिवाय पर्याय नसतो.

देऊळ लहान आणि देखणं आहे. गोव्यातल्या मोठ्या देवस्थानांचा झगमगाट इथे नाही. वर घुमट, पुढे दीपस्तंभ, जवळ काळभैरव, त्याच्याबाहेर खडकात कोरलेल्या पादुका. लिंग पैलूदार आहे, धारालिंग. मध्यंतरी सरकारने जीर्णोद्धार केला आणि २०२३ मध्ये देऊळ पुन्हा खुलं झालं. अभिषेक करायचा असेल तर पुजाऱ्यांशी आधी बोलून ठेवा. सण आणि सोमवार सोडून गेलात तर निवांत बोलता येतं.

गोव्यातल्या देवस्थानांत महाजनांची, म्हणजे देवस्थानाशी हक्काने जोडलेल्या कुळांतल्या माणसांची, नोंद असते. १९३३ च्या पोर्तुगीज देवस्थान नियमावलीने ही व्यवस्था कायद्याने बांधलेली आहे. तुमच्या देवस्थानात कुळाची नोंद आहे का, शेवटचं नाव कोणाचं, पुढच्या पिढीची घालायला कोणते कागद लागतात, हे कार्यालयात विचारून घ्या. जन्मदाखला आणि वंशावळ यांच्या प्रती पुण्याहूनच नेल्या तर खेप वाचते. परंपरेने या नोंदी पुरुषांच्या. म्हणजे कुळाचार ज्या आत्याला मुखोद्गत, तिचं नाव कुठेच नाही, आणि ज्या भाच्याला गोत्र आठवायला फोन उघडावा लागतो तो तर दुसऱ्या कुळातला. आत्याला याचं फारसं काही वाटत नाही. मला वाटतं.

वेळ असेल तर आमोणे-खांडोळे पुलावरून पलीकडे जा. खांडोळ्याचा महागणपती आणि माशेलचा देवकीकृष्ण जवळजवळ आहेत. देवकीच्या कडेवर बाळकृष्ण असलेली ही मूर्ती मूळची चोडण बेटावरची, मयेमार्गे माशेलला आली. आषाढी द्वादशीच्या सुमारास माशेलला चिखलकालो असतो, लहानथोर चिखलात लोळतात. ज्यांचं कूळ चोडणचं त्यांनी आमच्यासारखाच क्रम ठेवावा : रायबंदरहून फेरीने चोडण, तिथे धक्क्यालगतचं सलीम अली पक्षी अभयारण्य आणि गाव, मग मये, मग माशेल.

पुण्यात परत आल्यावर काय चालू ठेवायचं हा प्रश्न उरतो, आणि तो प्रवासापेक्षा कठीण आहे. आमच्याकडे गणपतीवर माटोळी, म्हणजे फळं-पानांचं टांगतं छत, बांधायची पद्धत मध्ये बंद पडली होती, ती आता पुन्हा सुरू करतो आहोत. रानातली सगळी फळं-पानं मंडईत मिळत नाहीत. सुपारीचे घोस, नारळ, काकडी, चिबूड, आंबाडे एवढं जमतं, आणि फ्लॅटच्या छताला हूक नसल्याने कपडे वाळवायच्या दांड्यावर ती टांगावी लागते. पातोळ्यांसाठी हळदीची पानं श्रावण-भाद्रपदात मंडईत येतात, सकाळी लवकर गेलात तर चांगली मिळतात. चतुर्थीच्या सुमारास नव्या भाताची कणसं दाराला लावतात, गोव्यातले ख्रिस्ती लोक तीच कणसं फेस्ताच्या, म्हणजे सणाच्या, दिवशी चर्चमध्ये नेतात. आम्हाला ती भोर-मुळशीकडच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून मिळतात. कोरगुट नव्हे, इंद्रायणी. आत्याच्या मते देवाला चालतं.

पुढच्या खेपेला डिसेंबर-जानेवारी धरा. पाऊस ओसरलेला असतो, आंबोलीत धुकं कमी, बेटावर चालायला ऊन सोसतं. नाताळच्या आठवड्यात मात्र पणजी-जुनं गोवं रस्ता तुंबतो आणि राहायच्या जागा महाग होतात. त्या दिवसांत जावंच लागलं तर मुक्काम दिचोलीत करा आणि सगळा क्रम नार्व्याच्या धक्क्यावरून उलटा लावा, पण मग पहिल्या दिवशी देवळापाशी न थांबता थेट फेरीबोट पकडा.