पाडव्याची नौका वैशाखी अमावास्येला

इंग्लंडमध्ये शिडाच्या नौका हिवाळ्यात जमिनीवर ठेवतात आणि वसंत ऋतूत पुन्हा पाण्यात सोडतात. मी मूळचा हर्णैचा असल्यामुळे पहिली दोन-तीन वर्षे मला हा सगळा क्रम उलटा वाटत असे, कारण आमच्याकडे होड्या शाकारून ठेवायच्या त्या पावसाळ्यापूर्वी आणि दर्यावर लोटायच्या त्या नारळी पौर्णिमेला. माझी नौका 26 फुटांची वेस्टर्ली सेंटॉर आहे. 1969 ते 1980 या काळात या जातीच्या दोन हजारांहून अधिक नौका बांधल्या गेल्या. माझी 1978 सालची आहे. तळाखाली दोन कील, म्हणजे खाली उतरलेली जड पाती, असल्यामुळे ती ओहोटीला चिखलावर सरळ उभी राहते, म्हणून एसेक्समधील ब्लॅकवॉटर नदीच्या एका खाडीत, अगदी आतल्या टोकाला असलेल्या स्वस्त बोटयार्डात मी ती ठेवतो. स्वस्त असण्याचे कारण असे की, तेथे नौका उतरवण्याइतके पाणी केवळ अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या उधाणाच्या भरतीला आणि तेही तास-दीड तासच येते. पुढे जे घडले ते समजण्यासाठी एवढे लक्षात ठेवावे.

2025 साली 29 मार्चला अमावास्या होती आणि 30 मार्चला गुढीपाडवा. त्या वेळी चंद्रही पृथ्वीच्या जवळ असल्यामुळे मोठे उधाण येणार होते. यार्डाच्या व्यवस्थापकाने मला 31 मार्चची दुपार दिली आणि पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी नौका पाण्यात जाणार म्हणून मी घरी पेढेसुद्धा आणून ठेवले. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ताडपत्री काढली तेव्हा आत गाद्यांना बुरशीचा वास येत होता आणि एक बॅटरी पार बसलेली होती. इंजिन मात्र दुसऱ्याच प्रयत्नात सुरू झाले. पुढील दोन शनिवार-रविवार मी तळ घासला, निम्मे झिजलेले झिंकचे ॲनोड (स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवणारे तुकडे) बदलले, पाण्याच्या पंपातील रबरी चक्र, म्हणजे इम्पेलर, नवे बसवले आणि शेवाळ व शिंपले चिकटू नयेत म्हणून तळाला लावतात त्या तांबेयुक्त रंगाचे दोन हात दिले. पाठीचे जे झाले ते झाले, पण तळ पाहून मला फार समाधान वाटले. ते चार दिवस टिकले.

माझ्या नौकेचा विमा 1 एप्रिलला संपत होता. दरवर्षी पैसे भरले की नवीन प्रमाणपत्र येत असे. या वर्षी पत्र आले. नौकेचे वय चाळीस वर्षांहून अधिक असल्यामुळे ती जमिनीवर असतानाच सर्व्हेअरकडून तपासून घ्यावी, आणि डोलकाठीला ताणून धरणाऱ्या पोलादी तारा दहा वर्षांपेक्षा जुन्या असल्यास त्या बदलाव्यात, नसल्यास बसवल्याची तारीख व पावती पाठवावी, असे त्यात लिहिले होते. मागणी गैर आहे असे मी म्हणणार नाही, कारण तार तुटली की डोलकाठी जाते. परंतु हे पत्र नूतनीकरणाच्या अगदी तोंडावर पाठवणाऱ्या माणसाने आयुष्यात कधी सर्व्हेअरची वेळ मागितलेली नसावी. मार्च-एप्रिलमध्ये सगळ्यांनाच सर्व्हेअर हवा असतो आणि मला 9 एप्रिल ही तारीख मिळाली. पाडवा गेला.

सर्व्हेअर आले, नौकेभोवती एक फेरी मारली आणि त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘हा रंग आधीच कोणी लावला?’ फायबरच्या तळात किती ओलावा मुरला आहे हे मोजण्याचे यंत्र या रंगावरून नीट वाचन देत नाही, त्यामुळे जागोजागी तळहाताएवढे रंग खरवडून काढावे लागतात. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी अशी वीसेक भोके पाडली. तेव्हा जुनी नौका असेल तर तपासणी आधी आणि रंग नंतर, हे ज्याला पुढच्या वर्षी हे करायचे आहे त्याने भिंतीवर लिहून ठेवावे. त्यांनी एक सीकॉक, म्हणजे तळातून आत येणाऱ्या पाण्याचा झडपनळ, स्क्रूड्रायव्हरने खरवडला आणि आतला धातू गुलाबी निघाला. पितळेतील जस्त निघून गेले की उरलेले तांबे असे गुलाबी दिसते आणि ठिसूळ होते. तो झडपनळ मी त्याच आठवड्यात बदलला आणि या एका गोष्टीसाठी सर्व्हेअरचे पैसे वसूल झाले असे मी मानतो.

अहवाल चांगला होता. तो मी 16 एप्रिलला विमा कंपनीला पाठवला आणि काम झाले असे समजलो. उत्तरादाखल एक फॉर्म आला. त्यात तारा बसवल्याची तारीख भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नव्हते. नौका मी 2019 साली विकत घेतली तेव्हा तारा नव्यासारख्या दिसत होत्या, परंतु आधीच्या मालकांकडे पावती नव्हती आणि आता ते हयात नाहीत. मी फोन केला. तारीख माहीत नसेल तर रिगरकडून, म्हणजे डोलकाठी व तारांचे काम करणाऱ्या कारागिराकडून, लिहून आणा, असे सांगण्यात आले. रिगर डोलकाठीवर चढला, प्रत्येक तारेचे टोक भिंगातून पाहिले आणि म्हणाला की तारांची स्थिती चांगली आहे एवढे मी सहीनिशी लिहून देईन, वय लिहून देणार नाही, कारण पोलादाकडे पाहून वय सांगता येत नाही. त्याचे बरोबर होते. हे पत्र पाठवल्यावर दुसऱ्या व्यक्तीने फोनवर सांगितले की पत्र उत्तम आहे, पण त्यात तारीख नाही. तिसऱ्या व्यक्तीने प्रकरण वरिष्ठांकडे असल्याचे सांगितले. चौथ्या व्यक्तीला मी पुन्हा पहिल्यापासून सगळे सांगितले.

या काळात 27 एप्रिलची अमावास्या आली आणि तिच्या मागोमाग अक्षय्य तृतीयाही. वर्षातील उत्तम उधाणांपैकी ते एक होते आणि त्या भरतीला शेजारच्या तीन नौका पाण्यात गेल्या. माझ्या नौकेसाठी यार्डाला प्रमाणपत्र हवे होते आणि ते माझ्याकडे नव्हते. 12 मेची बुद्धपौर्णिमा तर कामाचीच नव्हती, कारण तेव्हा चंद्र पृथ्वीपासून दूर होता आणि व्यवस्थापकाने भरतीचे कोष्टक पाहून, एवढ्या पाण्यात तुमची नौका अर्ध्या वाटेत बसेल, असे स्पष्ट सांगितले. मे महिन्यात नेदरलँड्समधील फ्लशिंगपर्यंत जाण्याचा आमचा बेत होता. बरोबर येणाऱ्या मित्राने घेतलेली रजा वाया गेली आणि त्याने मला अजून पूर्णपणे क्षमा केलेली नाही.

20 मे रोजी मी त्या व्यवस्थापकाकडे जाऊन बराच वेळ विमा कंपनीच्या नावाने बोटे मोडली. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले की संपूर्ण विम्याची अट तुम्हाला घातली कोणी? यार्डाच्या करारात फक्त त्रयस्थाच्या नुकसानभरपाईचा विमा, तीस लाख पौंडांपर्यंतचा, मागितला होता. मी तो करार सही करताना वाचला होता, पण ‘विम्याचे वैध प्रमाणपत्र’ या शब्दांपुढे माझी नजर गेली नसावी. त्याच संध्याकाळी मी दुसऱ्या एका कंपनीला फोन केला. केवळ त्रयस्थ जोखमीसाठी त्यांनी ना सर्व्हे मागितला ना तारांची तारीख. वीस मिनिटांत, शंभर पौंडांच्या आत, प्रमाणपत्र ईमेलवर आले. माझी नौका बुडाली तर मला काही मिळणार नाही, हे त्यात अर्थातच स्पष्ट लिहिलेले आहे. आधीच्या कंपनीतील चारही जणांना मी नौका उतरवण्यासाठी कागद हवा आहे असे सांगितले होते आणि त्यांपैकी एकानेही हा मार्ग सुचवला नाही, याचा राग मला अजून आहे. करार नीट न वाचल्याचा राग त्याहून थोडा कमी आहे.

वैशाखी अमावास्या 27 मेला होती आणि 28 मेच्या दुपारच्या भरतीला नौका पाण्यात गेली. दोन दिवसांपूर्वीच मुंबईत नेहमीपेक्षा फार लवकर मोसमी पाऊस पोहोचला होता, त्यामुळे हर्णैला माझे चुलतभाऊ घाईघाईने होड्या वर ओढत होते आणि इकडे मी खाली सोडत होतो. आमचा फोन त्या दिवशी दोन मिनिटांत आटोपला. येथे एक गोष्ट सांगायची राहिली: नौकेला पुढे ढकलणाऱ्या पंख्याच्या दांड्यावर रबरी सील असल्यास नौका तरंगू लागताच ते बोटांनी दाबून आतली हवा काढावी, नाहीतर ते कोरडे फिरून जळते. मी इतका आनंदात होतो की हे विसरलो असतो. हॉइस्टवरच्या, म्हणजे नौका उचलून पाण्यात सोडणाऱ्या यंत्रावरच्या, मुलाने ओरडून आठवण केली.

फ्लशिंग राहिले. जूनमध्ये आम्ही सफोकमधील डेबेन नदीपर्यंत जाऊन आलो. ऑक्टोबरमध्ये नौका वर आली की सगळ्या तारा नवीन बसवण्यास मी रिगरला सांगितले आहे, आणि पावतीवर तारीख ठळक अक्षरांत घालण्याचीही सूचना दिली आहे.