हार्डस्टाईल अमेरिकेत चालेल?

आमचा भाचा म्हापशाहून हणजुण्याला जाताना गाडीत हार्डस्टाईल हे दणदणीत इलेक्ट्रॉनिक डान्स संगीत लावतो आणि डॅशबोर्डवरचा गणपती अक्षरशः थरथरतो, १५० बीपीएमची (मिनिटाला १५० ठोके) ती किक, म्हणजे ड्रमचा ठोका, नुसता धप्प आवाज नाही, डिस्टॉर्शनमुळे (आवाज मुद्दाम फाडल्यामुळे) तिला चक्क सूर असतो. हे नेदरलँड्सचं खूळ अमेरिकेत घराघरात जाणार असं त्याचं म्हणणं. मला नाही वाटत बुवा. लास वेगासच्या ईडीसी या इलेक्ट्रॉनिक संगीत महोत्सवात हार्ड डान्सला, म्हणजे अशाच जोरकस प्रकारांना, वेगळं स्टेज असतं, मान्य, पण रेडिओचं गणित वेगळं. डबस्टेप हे दुसरं इलेक्ट्रॉनिक संगीत मूळ लंडनचं, तेही अमेरिकन डीजे स्क्रिलेक्सने पार मोडूनतोडून अमेरिकन केलं तेव्हा कुठे २०१२ला ग्रॅमी मिळाले. आणि आपलं गोवा ट्रान्स? जगभर फिरलं, पण अमेरिकन रेडिओवर कोण लावतंय? आता एखाद्या रॅपरने ही किक उचलली तर सांगता येत नाही, फक्त मग भाचाच पहिला नाक मुरडेल.