आमची वाटचाल: नट विकण्याआधी चाक पाहणारं दुकान

वडील पीथमपूरच्या कारखान्यात फिटर होते. नोकरी सोडून त्यांनी इंदूरच्या ट्रान्सपोर्ट नगरात नट-बोल्टचं दुकान टाकलं. गिऱ्हाईक बहुतेक ट्रकवाले. इथून मुंबईकडे जाणारा ट्रक तेव्हा मानपूर ओलांडून गणपती घाट उतरायचा. ब्रेक दाबून दाबून ब्रेकचे ड्रम तापायचे आणि ती धग चाकाची डिस्क (मधली तबकडी), स्टड (नट ज्यावर फिरतो तो आट्यांचा बोल्ट), नट सगळ्यांपर्यंत पोचायची. म्हणूनच चाकाच्या नटाला वडील कधी किरकोळ माल म्हणू देत नसत.

पुढे पिकअपला बाहेरून अलॉय व्हील बसवायची हौस आली आणि दुकानाचं वळणच बदललं. गाडी दाराशी उभी करून लोक म्हणायचे, ‘भिया, नट तो नट होता है, दे दो.’ आम्ही देत नव्हतो, आजही देत नाही. काही जण रागावून शेजारी गेले. त्यातले बरेच परत आले.

टोयोटाच्या हायलक्स पिकअपचंच घ्या. स्टडचा आटा 12 बाय 1.5, म्हणजे स्टड 12 मिलिमीटर जाड आणि दर फेऱ्याला नट 1.5 मिलिमीटर पुढे. कंपनीच्या अलॉयचा नट खाली सरळ दांड्याचा, वर सपाट वॉशर. बाहेरच्या बहुतेक अलॉयला मात्र भोकाची बैठक (नट टेकतो ती जागा) 60 अंशांची, निमुळती. जुना नट तिथे फिरतो, घट्ट झाल्यासारखाही वाटतो, पण वॉशर नुसता कडेवर टेकतो. गिऱ्हाइकाला हे तोंडी पटत नाही. म्हणून आम्ही वडिलांची फिटरी पद्धत वापरतो: नटाच्या बैठकीला प्रुशियन ब्लूचा, म्हणजे फिटर वापरतात त्या निळ्या रंगाचा, पातळ हात द्यायचा, हाताने आवळायचा, उलगडायचा. बैठक जुळली तर भोकात निळा पट्टा सलग उमटतो. नाही जुळली तर केसाएवढी रेघ. ती रेघ पाहिली की माणूस स्वतःच दुसरा नट मागतो.

मग आटे मोजायचे. स्टडच्या जाडीइतकी तरी पकड हवी. म्हणजे 12 मिलिमीटरच्या स्टडवर 1.5 च्या आट्याने आठ पूर्ण फेरे. अलॉय जाड असलं की फेरे कमी पडतात. तिथे लांब स्टड किंवा बैठकीच्या आत शिरणारा लांब नट लागतो. तोंड बंद असलेला क्रोमचा नट आखूड निघाला तर आणखी फसवतो: स्टड आत टोपीला टेकतो, पाना अडतो आणि चाक सैलच राहतं.

मोठ्या ट्रकचं गणित उलटं. चाक नटांवर नाही, तर हबवर (चाक चढतं त्या मधल्या गोल भागावर) नेमकं बसतं, डिस्क सपाट, म्हणून 22 बाय 1.5 चा फिरत्या वॉशरचा सपाट नट. तिथे निमुळता चालत नाही. अ‍ॅल्युमिनियमची डिस्क लोखंडीपेक्षा बरीच जाड, म्हणजे स्टडही बदलायचे. आणि डिस्क जिथे हबला टेकते तिथे रंगाचे थर नकोत! हौसेने रंगवलेला तो थर घाटात तापून दबतो आणि आवळलेला नट ढिला पडतो. आम्ही तो खरवडूनच चाक चढवतो.

आता दुकान मी आणि धाकटा भाऊ पाहतो. हवेच्या गनने नट फक्त टेकवायचा, शेवटचा जोर टॉर्क पान्याने (किती जोर लागला ते मोजणाऱ्या पान्याने), समोरासमोरच्या क्रमाने. शंभरेक किलोमीटर चालवून गाडी पुन्हा आणली की नट तपासून देतो, पैसे घेत नाही. स्टेपनी लोखंडी असेल तर जुने नट पिशवीत बांधून जॅकपाशी ठेवायला सांगतो. रस्त्यात पंक्चर झालं तर ती डिस्क त्याच नटांवर बसते.