वऱ्हाडच्या महसुलावर उभा राहिलेला रिसाला: डेक्कन हॉर्स

अचलपूरला लागून असलेलं परतवाडा आपल्याला नागपूर-अमरावतीकडून मेळघाटात जातानाच्या वाटेवरचं गाव म्हणून माहीत असतं. पण परतवाडा वाढलं ते लष्करी छावणीमुळे. ती छावणी होती हैदराबाद कंटिंजंटची, म्हणजे नावाला निजामाची पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमाखालची फौज. तिच्या खर्चापायी वऱ्हाड निजामाच्या हातून गेला आणि ती मोडली त्याच सुमाराला तो नागपूरला जोडला गेला. तिच्यातलं घोडदळ मात्र मोडलं नाही. त्यातल्या रिसाल्यांचे, म्हणजे घोडदळाच्या रेजिमेंटांचे, वारस आजही भारतीय सैन्यात रणगाडे चालवतात. डेक्कन हॉर्स त्यांतलाच एक. विदर्भाचा नकाशा या रिसाल्यांच्या पगारपत्रकाशी बांधलेला आहे आणि आपल्याकडे ते फारसं कोणी सांगत नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी पैशाचं. कंटिंजंटचा पगार थकत गेला, निजामाच्या डोक्यावर ईस्ट इंडिया कंपनीचं कर्ज चढलं आणि १८५३च्या तहात त्यानं वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब कंपनीच्या कारभाराखाली दिले. त्याच्या बदल्यात कंपनीनं किमान ५,००० पायदळ, २,००० घोडदळ आणि चार तोफखाने सांभाळायचे, असं ठरलं. धाराशिव आणि रायचूर १८६०मध्ये परत मिळाले, वऱ्हाड नाही. वऱ्हाडी कापूस आणि ज्वारीच्या जमिनीचा महसूल पुढची पन्नास वर्षं हिंगोली, मोमिनाबाद (आजचं अंबाजोगाई), बोलारम अशा ठाण्यांमधल्या घोड्यांच्या दाण्यात गेला. १९०२च्या करारानं वर्षाला २५ लाख रुपयांवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानं इंग्रजांकडे राहिला. १९०३मध्ये कंटिंजंट भारतीय सैन्यात मिसळून टाकली आणि त्याच वर्षी वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताकडे, म्हणजे नागपूरकडे आला.

मधल्या काळातली एक गोष्ट झाकून ठेवणं बरोबर नाही. १८५८मध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या फौजेबरोबर झाशी, काल्पी आणि ग्वाल्हेरवर गेलेल्यांत कंटिंजंटचे हे घोडेस्वार होते. वऱ्हाडच्या पैशावर पोसलेले स्वार राणी लक्ष्मीबाई आणि तात्या टोप्यांच्या विरुद्ध लढले.

आता ही फौज चालायची कशी, ते पाहू. भोसल्यांच्या मुलखात शिलेदार आणि बारगीर हे शब्द समजावून सांगायला नकोत. बारगिराला घोडा सरकारचा, शिलेदाराचा घोडा स्वतःचा. मराठ्यांची ही शिलेदारी इंग्रजांनी जवळजवळ जशीच्या तशी उचलली आणि भारतातले बहुतेक रिसाले १९२१पर्यंत त्याच पद्धतीनं चालवले. भरती होताना स्वारानं असामीची रक्कम, म्हणजे एक प्रकारची अनामत, रेजिमेंटकडे भरायची. सगळी हातात नसेल तर उरलेली रेजिमेंटच्या फंडातून कर्जाऊ घ्यायची आणि पगारातून फेडायची. घोडा, खोगीर, तलवार, गणवेश, सगळं या पैशातून. सरकार द्यायचं फक्त बंदूक आणि काडतुसं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पायदळाच्या शिपायाला महिन्याला नऊ रुपये होते, तर शिलेदार स्वाराला तीसेक. आकडा मोठा दिसतो, पण त्यातच स्वतःचं आणि घोड्याचं पोट, शिवाय दोन स्वारांत मिळून एक तट्टू आणि गवत कापणारा एक गडी. दर महिन्याला थोडी रक्कम चंदा म्हणून कापली जायची. घोडा मेला किंवा म्हातारा होऊन बाद झाला की चंदा फंडातून नवा घ्यायचा. नोकरी सोडताना असामी परत मिळायची.

शांततेच्या काळात ही पद्धत फार चांगली होती, असं माझं स्पष्ट मत आहे. घोडा स्वतःच्या पैशाचा असला की माणूस त्याची पाठ रोज हात फिरवून बघतो. घोडदळाचं निम्मं नुकसान शत्रू करत नसे, खोगीर करत असे. माणूस, खोगीर, पडशी, शस्त्रं आणि दाणा मिळून घोड्याच्या पाठीवर सव्वाशे किलोच्या आसपास वजन यायचं. लांब मजला पडल्या की घोडा उतरतो, पाठीवरचं मांस कमी होतं आणि कालपर्यंत नीट बसणारं खोगीर कण्यावर टेकायला लागतं. त्यावर उपाय म्हणजे खोगिराखालच्या कांबळ्याची आणखी एक घडी वाढवायची, थांबलं की खाली उतरायचं, पण घाम निवेपर्यंत खोगीर काढायचं नाही. गरम पाठीवरून खोगीर एकदम काढलं तर तिथं सूज धरते आणि दुसऱ्या दिवशी ती जागा सोलवटते. पाणी दाण्याच्या आधी पाजायचं, हाही तेव्हाचा पक्का नियम. उन्हाळ्यात एका घोड्याला दिवसाला तीस ते चाळीस लिटर पाणी लागतं. दख्खनमध्ये हरभऱ्याच्या जोडीला शिजवून निववलेला कुळीथ आणि कडबा चालायचा. भाला नऊ फुटांच्या आसपास, भरीव बांबूचा. आपल्या जंगलात मानवेल म्हणतात त्याच जातीचा. पोकळ बांबू टक्कर बसताच चिरतो.

युद्धात मात्र हीच पद्धत कोसळली. चंदा फंडाचा हिशेब वर्षाकाठी मरणाऱ्या मोजक्या घोड्यांवर बांधलेला होता. एका दुपारी शंभर घोडे गेले तर तो पुरणार कसा? प्रत्येक रेजिमेंटचं खोगीर वेगळं, सामान वेगळं, त्यामुळे एकाचं दुसऱ्याला लागत नसे. मागे नवे स्वार तयार करून पाठवणारा मोठा डेपोही नव्हता. १९१४मध्ये रिसाले फ्रान्सला पोहोचले आणि घोडे, सामान, चारा सगळं सरकारनंच पुरवायला सुरुवात केली. शिलेदारी तिथंच संपली, कागदावर ती १९२१मध्ये रद्द झाली.

कंटिंजंटमधून आलेले तिन्ही रिसाले, २०वा डेक्कन हॉर्स, २९वा लान्सर्स (डेक्कन हॉर्स) आणि ३०वा लान्सर्स (गॉर्डन्स हॉर्स), फ्रान्समध्ये होते. सुरुवातीला त्यांना घोड्यांवरून उतरवून खंदकांत घातलं. दर चार घोड्यांमागे एक माणूस लगाम धरायला मागे ठेवावा लागतो, म्हणजे घोडदळ पायी लढायला उतरलं की चौथा हिस्सा आपोआप वजा. आजारी आणि छावणीवरची माणसं धरली तर आघाडीवर पोहोचणाऱ्या बंदुका आणखी कमी. पायदळाच्या एका बटालियनची जागा भरायला कागदावर दिसतात त्यापेक्षा कितीतरी जास्त रिसाले लागायचे ते यामुळे.

१४ जुलै १९१६ला फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत हाय वूड नावाच्या जंगलाजवळ २०व्या डेक्कन हॉर्सनं सेव्हन्थ ड्रॅगून गार्ड्स या ब्रिटिश घोडदळाबरोबर भाले रोखून धाव घेतली. पहाटेच्या हल्ल्यात जर्मनांची दुसरी फळी फुटली होती आणि सकाळी ते जंगल जवळपास मोकळं होतं. घोडदळाला पुढे येण्याचा हुकूम सकाळीच मिळाला. पण वाटेत खंदक, तारा आणि तोफगोळ्यांचे खड्डे, त्यात ओली निसरडी जमीन. खंदकावर पूल टाकल्याशिवाय घोडा पुढे जात नाही. प्रत्यक्ष धाव सुरू झाली तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते, आणि तोवर जर्मन परतले होते. उभ्या पिकात लपलेले काही जर्मन भाल्यांनी मारले गेले, काही पकडले गेले. वरून एक विमान खाली येऊन पिकातल्या शत्रूवर गोळीबार करत होतं. रात्रभर स्वारांनी तिथंच जमीन उकरून जागा धरली आणि पहाटे त्यांना मागे बोलावलं. माणसांची हानी शंभराच्या आसपास, घोड्यांची त्याहून जास्त. लोक या धावेला वेडेपणा म्हणतात, ते मला पटत नाही. धाव नीट झाली, हरवले ते आधीचे दहा तास. हाय वूड शेवटी हाती आलं १५ सप्टेंबरला, रणगाडे जगात पहिल्यांदा लढाईत उतरले त्या दिवशी.

१९२१मध्ये ३९ रिसाल्यांचे २१ केले. २०वा आणि २९वा एकत्र येऊन ९वा रॉयल डेक्कन हॉर्स झाला. ३०वा गॉर्डन्स हॉर्स २६व्यात मिसळून ८वी कॅव्हलरी बनली. दुसऱ्या महायुद्धात घोडे गेले आणि १९४५च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये डेक्कन हॉर्सचे शर्मन रणगाडे इरावती ओलांडून ब्रह्मदेशात मेइक्टिलावर गेले.

त्याच जातीचे शर्मन घेऊन रेजिमेंट सप्टेंबर १९६५मध्ये खेमकरणजवळ असल उत्तरला उभी होती. कमांडर होते लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार वैद्य, पुढे लष्करप्रमुख झालेले. समोर पाकिस्तानच्या पहिल्या आर्मर्ड डिव्हिजनचे पॅटन रणगाडे. पॅटनची तोफ ९० मिलिमीटरची आणि पुढचं चिलखत जाड, शर्मनची सर्वांत मोठी तोफ ७६ मिलिमीटरची. समोरासमोर मारून उपयोग नाही, म्हणून घोड्याच्या नालासारखी फळी धरून उसात लपायचं, पॅटनला आत येऊ द्यायचं आणि कुशीत, म्हणजे बाजूच्या अंगाला, मारायचं. शेतात पाणी सोडलेलं होतं. सुमारे ४५ टनांचा रणगाडा चिखलात रुतला की वळताना कूस उघडी पडते. डेक्कन हॉर्सबरोबर सेंच्युरियन रणगाडे घेऊन ३री कॅव्हलरी होती आणि हलके एएमएक्स-१३ घेऊन ८वी कॅव्हलरी. म्हणजे तिथल्या तीन रेजिमेंटपैकी दोघींची मुळं वऱ्हाडच्या महसुलावर पोसलेल्या फौजेत. १० सप्टेंबरपर्यंत, भारतीय हिशेबाप्रमाणे, शत्रूचे ९७ रणगाडे नष्ट झाले किंवा हाती लागले. वैद्यांना महावीरचक्र मिळालं.

अचलपूर, हिंगोली, अंबाजोगाईकडे कुणाच्या घरी जुनं पदक असेल तर त्याची कड भिंगाखाली बघा. पहिल्या महायुद्धाच्या चांदीच्या पदकावर कडेला शिपाई क्रमांक, हुद्दा, नाव आणि रेजिमेंट कोरलेली असते. २०, २९ किंवा ३० हा आकडा आणि पुढे ‘हॉर्स’ किंवा ‘लान्सर्स’ असं दिसलं तर माणूस याच रिसाल्यांतला. १९०३च्या आधीच्या पदकावर हे आकडे मिळणार नाहीत, तिथं हैदराबाद कंटिंजंटचं नाव शोधा. दख्खनी मुसलमान कुटुंबांत अशी पदकं निघण्याची शक्यता जास्त, कारण या रिसाल्यांत शीख आणि जाटांच्या बरोबरीनं त्यांची भरती होती. पदक घासून चकचकीत करू नका. कडेवरची अक्षरं उथळ असतात, दोन-चारदा पावडरनं घासलं की आधी क्रमांक पुसला जातो आणि मग नावावरून माणूस शोधणं फार अवघड होऊन बसतं.